झाडांना नावं देणारे आणि लेबलवर राहिलेले

बोराचं शास्त्रीय नाव झिझिफस मॉरिशियाना. मॉरिशियाना म्हणजे मॉरिशसची. मोडनिंबच्या माळावर, बांधावर, ओढ्याच्या काठाला पिढ्यान्‌पिढ्या उगवणारी बोर मॉरिशसची कशी झाली? कारण सोपं आहे. १७८९ मध्ये पॅरिसमध्ये बसून लामार्क यांनी हे नाव छापलं आणि नाव देताना झाडाचं ठिकाण म्हणून ते बेट धरलं. बोर आपल्याकडे आधीपासून होती का, याच्याशी त्या नावाचा काही संबंध नाही.

साधारण त्याच सुमारास, पॅरिसमधल्याच दुसऱ्या एका माणसानं निलगिरीला नाव दिलं: युकॅलिप्टस. ते झाडही त्यानं कधी जमिनीत उभं पाहिलेलं नव्हतं. आपण त्या झाडाला निलगिरी म्हणतो तेही तसंच आडवळणाचं. झाड ऑस्ट्रेलियाचं. १८४३ मध्ये ते निलगिरी डोंगरात आलं, पुढे तिथे सरपणासाठी त्याची लागवड सुरू झाली आणि मराठीत त्या डोंगराचंच नाव झाडाला चिकटलं. म्हणजे चुकीचा पत्ता लिहिण्यात आपणही मागे नाही.

माझा पीएचडीचा विषय माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या माळरानांवरच्या वनस्पती हा आहे. त्यामुळे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या या नामकरणवाल्यांची पुस्तकं रोज उघडावी लागतात. मराठीत त्यांच्याबद्दल वाचायला मिळतं ते दोनच सुरांत. एक सूर कौतुकाचा: काय ती चिकाटी, काय तो व्यासंग. दुसरा रागाचा: साहेब आले, आपल्या झाडांना आपली नावं लावून गेले. दोन्ही सुरांत थोडं थोडं खरं आहे, पण दोन्हींमुळे पुस्तक वाचायचंच राहून जातं. म्हणून इथे मी वेगळी कसोटी लावून पाहणार आहे. ज्यानं झाडाला नाव दिलं, त्यानं पुढच्या माणसासाठी त्या झाडापर्यंत परत जायची वाट ठेवली का? कुठलं झाड, कुठे उभं होतं, कुणी तोडून आणलं, वाळवलेली फांदी कुठे ठेवली? ही वाट असेल तर नाव कामाचं. नसेल तर नाव कितीही सुंदर असलं तरी संशोधकाच्या डोक्याला ताप.

निलगिरी: लंडनमधली एक वाळलेली फांदी

शार्ल लुई लेरितिये हे पॅरिसचे न्यायाधीश. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा छंद, पण छंद असा की पदरचे पैसे घालून पुस्तकं छापायची. १७८६ मध्ये दोंबे नावाच्या फ्रेंच संशोधकानं दक्षिण अमेरिकेतून आणलेला वनस्पतींचा संग्रह त्यांच्या ताब्यात होता. त्यावर स्पेन सरकारनं हक्क सांगितला. लेरितिये यांनी तो संग्रह बांधला आणि गुपचूप लंडन गाठलं. तिथे मुक्काम लांबला, आणि त्या मुक्कामात इंग्रजांनी जगभरातून जमवलेले नमुनेही त्यांनी पाहिले. त्यातून 'सर्तुम अँग्लिकुम' हे पुस्तक झालं. मुखपृष्ठावर साल १७८८. रदूते या पुढे फार गाजलेल्या चित्रकाराची चित्रं त्यात आहेत. युकॅलिप्टस हे नाव पहिल्यांदा याच पुस्तकात आलं आणि पहिली जात ठरली युकॅलिप्टस ऑब्लिक्वा.

नाव ग्रीक आहे. यू म्हणजे चांगलं, कॅलिप्टॉस म्हणजे झाकलेलं. निलगिरीची कळी कधी हातात घेतली असेल तर हे लगेच पटेल. कळीवर एक टोपी असते. पाकळ्या वेगळ्या उमलत नाहीत, ही टोपीच गळून पडते आणि आतून पुंकेसरांचा पांढरा झुपका बाहेर येतो. आज निलगिरीच्या सातशेहून जास्त जाती माहीत आहेत. एकाच जातीच्या वाळक्या फांदीवरून अख्ख्या गटाची खूण ओळखणं हे सोपं काम नव्हे. लेरितिये यांची नजर पक्की होती, हे मान्य करायलाच हवं.

पण ती फांदी लंडनला आली कशी? जानेवारी १७७७ मध्ये कॅप्टन कुक यांची जहाजं आजच्या टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर, अ‍ॅडव्हेंचर बे इथे थांबली होती. जहाजावर क्यू बागेतला एक माळी होता, डेव्हिड नेल्सन. नमुने गोळा करायला त्याला जोसेफ बँक्स यांनी पाठवलेलं. फांदी त्यानं तोडली. पुढे नेल्सन दुसऱ्या एका सफरीवर गेला ते 'बाउंटी' जहाजावर, ताहितीहून विलायती फणसाची रोपं आणायला. १७८९ मध्ये त्या जहाजावर बंड झालं. बंडखोरांनी कप्तान आणि त्याच्या बाजूच्या लोकांना उघड्या होडीत सोडून दिलं. त्या होडीत नेल्सन होता. होडी तिमोर बेटावरच्या कुपांगला पोचली आणि तिथेच तापानं तो गेला.

आज युकॅलिप्टस ऑब्लिक्वा या नावामागे लेरितिये यांचं नाव संक्षेपानं लागतं. ते नियमानुसारच आहे, त्यात कुणाची लबाडी नाही. पण आपली कसोटी लावली तर काय दिसतं? त्या जातीपर्यंत परत जायची वाट पुस्तकातल्या थोडक्या लॅटिन मजकुरानं राखलेली नाही. ती राखली नेल्सनच्या फांदीनं, जी लंडनच्या संग्रहात आजही आहे. मजकुरात शंका आली तर फांदी काढून बघता येते. फांदी नसती तर आपण आजही लॅटिन वाक्याचा अर्थ लावत बसलो असतो.

उलट उदाहरण बघा. आपल्याकडे वनखात्यानं आणि शेतकऱ्यांनी लावलेल्या निलगिरीत जी एक जात बरीच आढळते ती युकॅलिप्टस कॅमाल्ड्युलेन्सिस. ऑस्ट्रेलियातल्या नद्यांच्या काठांवरचं अगदी ओळखीचं झाड. पण नाव कशावरून? नेपल्सजवळच्या कॅमाल्डोली इथल्या बागेवरून. त्या बागेचे माळी डेनहार्ट यांनी १८३२ मध्ये बागेतल्याच लावलेल्या झाडावरून जातीचं वर्णन केलं. म्हणजे एका खंडाची नदीकाठची ओळख असलेलं झाड इटलीतल्या बागेच्या नावानं जगभर फिरतंय. बी ऑस्ट्रेलियातल्या नेमक्या कुठल्या नदीकाठचं होतं, हे नंतरच्या संशोधकांना अंदाजानं ठरवावं लागलं. माझ्या कसोटीत हे नाव नापास होता होता वाचतं.

तिसरी जात युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस, जिच्या संकरातून आपल्याकडचा 'म्हैसूर गम' आला. हे नाव जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १७९५ मध्ये दिलं. टेरेटिकॉर्निस म्हणजे गोल शिंगाचं. कळीवरची टोपी लांब, शिंगासारखी निमुळती असते. नाव वाचून झाडाखाली उभं राहिलं की खूण पटते. मोडनिंबहून टेंभुर्णीकडे किंवा मोहोळकडे जाताना जिथे निलगिरी दिसेल तिथे खाली पडलेल्या टोप्या उचलून बघा. लांब शिंगासारख्या असतील तर स्मिथ यांचं नाव आठवेल. आखूड आणि चोचीसारख्या असतील तर दुसऱ्या जातीचा विचार करा. संकर असेल तर दोन्हींच्या मधलं काहीतरी मिळेल आणि तुम्हीही माझ्यासारखे वैतागाल.

नावाच्या मागे लागणारी माणसं

पुढे जाण्याआधी एक तांत्रिक गोष्ट. शास्त्रीय नावात दोन शब्द असतात, पण पूर्ण नावामागे माणसाचं नावही लागतं. ते बक्षीस नसतं, पत्ता असतो: हे नाव कुणी, कुठल्या मजकुरात छापलं ते शोधायला. लिंबासारख्या वासाची निलगिरी आधी युकॅलिप्टस सिट्रिओडोरा होती, हूकर यांनी दिलेलं नाव. १९९५ मध्ये हिल आणि जॉन्सन यांनी ती कॉरिम्बिया या वेगळ्या प्रजातीत टाकली. आता नावामागे हूकर कंसात आणि हिल-जॉन्सन कंसाबाहेर. एवढ्या एका ओळीत झाडाचा सगळा इतिहास असतो. पहिलं नाव कुणाचं, बदल कुणाचा.

पण या ओळीत एका माणसाला जागाच नाही. ज्यानं झाड शोधलं, फांदी तोडली, वाळवली, त्याला. त्याचं नाव फक्त लेबलवर राहतं. आणि लेबल बघायला कुणी जात नाही.

डाल्झेल आणि गिब्सन: १८६१

आता आपल्याकडे येऊ. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं पहिलं मोठं वर्णनात्मक पुस्तक म्हणजे 'द बॉम्बे फ्लोरा', १८६१. लेखक निकोल अलेक्झांडर डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन. डाल्झेल मुंबईत कस्टम खात्यात नोकरीला आले आणि पुढे वनखात्यात गेले. गिब्सन पेशानं डॉक्टर. दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख होते आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. जंगलतोडीमुळे पाण्यावर परिणाम होतो, हे त्या काळात सरकारला लिहून कळवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक.

पुस्तक धाडसी आहे. लेखकांच्या हाताशी मोठा संग्रह नाही, युरोपातली ग्रंथालयं दूर, आणि तरीही हजारो वर्णनं. भाषा साधी. कितीतरी ठिकाणी स्थानिक नावं दिलेली. इथल्या लोकांना विचारल्याशिवाय ती मिळाली नसती, एवढं उघड आहे.

पण वाट ठेवली का? इथे पुस्तक कमी पडतं. बऱ्याच झाडांपुढे 'कोकणात', 'घाटावर', 'दख्खनमध्ये सर्वत्र' एवढंच. कोणी आणलं, कुठून आणलं, नमुना कुठे आहे, याचा पत्ता मजकुरातून लागत नाही. शिवाय ज्या झाडांचं नाव चुकलंय असं आज वाटतं, तिथे लेखकांनी नेमकं काय पाहिलं होतं ते तपासायला हाती काही नसतं.

गिब्सन यांच्या दापोडीच्या बागेत वनस्पतींची सुंदर चित्रं काढली गेली. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी त्यांच्यावर २००२ मध्ये पुस्तकही केलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच माहीत आहे. त्याचं नाव नाही. ज्याच्या रेषेवरून आपण त्या वनस्पती ओळखतो, त्या माणसाची ओळख मात्र पुसली गेली.

डाल्झेल यांचंच दुसरं उदाहरण म्हणजे शिंदळ माकुडी. जुन्नरच्या बाजूला गडांच्या कड्यांवर वाढणारी, अत्यंत दुर्मीळ, मांसल खोडाची वनस्पती. डाल्झेल यांनी तिला फ्रेरिया इंडिका नाव दिलं, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ. पुढे संशोधकांना वाटलं की ही वेगळी प्रजाती धरायची गरज नाही, ती दुसऱ्या प्रजातीत घालावी. पण तिथे 'इंडिका' नावाची जात आधीच होती. मग नवा शब्द घ्यावा लागला. कुठला घेतला? 'फ्रेरेई'. म्हणजे गव्हर्नर साहेब पहिल्या शब्दातून निघाले आणि दुसऱ्या शब्दात येऊन बसले! त्या कड्यावर चढून ती वनस्पती ओळखणाऱ्या माणसांनी ठेवलेलं नाव, शिंदळ माकुडी, हे शास्त्रीय नावात कुठेच नाही.

कुक आणि ते उद्गारचिन्ह

तिसरं पुस्तक माझ्या टेबलावरचं: थिओडोर कुक यांचं 'द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'. १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं निघालं. कुक हे आयरिश इंजिनियर. रेल्वेच्या कामाला आले आणि पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे, म्हणजे पुढच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, प्राचार्य झाले. निवृत्तीनंतर इंग्लंडला जाऊन क्यू इथे बसून त्यांनी हे पुस्तक लिहिलं. १९५८ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं ते तीन खंडांत पुन्हा छापलं. महाराष्ट्रात वनस्पतींवर काम करणारा कुणीही या पुस्तकाशिवाय पुढे गेलेला नाही.

कुक यांचं गद्य कोरडं आहे. वर्णन, मग प्रदेशवार ठिकाणं: कोकण, दख्खन, दक्षिण मराठा मुलूख, गुजरात, सिंध. पण ठिकाणांपुढे नावं येतात, आणि काही नावांपुढे उद्गारचिन्ह. 'कानिटकर!' किंवा 'भिवा!'. पहिल्यांदा वाचताना वाटतं, कुक यांना कसलं आश्चर्य वाटलं असेल? तसं नाही. वनस्पतिशास्त्रात त्या चिन्हाचा ठरलेला अर्थ आहे: हा नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ऐकीव नाही.

माझ्या मते या पुस्तकाचं मोठेपण या एका चिन्हात आहे. इंजिनियर माणसाची सवय म्हणा हवं तर. कुठलं विधान स्वतः तपासलंय आणि कुठलं दुसऱ्याच्या भरवशावर आहे, हे वाचकाला कळू दिलंय. डाल्झेल-गिब्सन यांच्या पुस्तकात हे वेगळं करता येत नाही. कुक यांच्यात येतं. आणि त्या चिन्हाबरोबर नमुना आणणाऱ्याचं नाव छापलं जातं, म्हणून भिवा आपल्याला माहीत आहे.

पण केवढा माहीत आहे? 'भिवा', एवढाच. आडनाव नाही, गाव नाही. साहेबांची आडनावं, कानिटकरांचं आडनाव, आणि भिवाचं फक्त हाक मारायचं नाव. पुस्तकात त्याची आणि इतरांची ओळख किती वेगळ्या पद्धतीनं होते, हे न बोलताही दिसतं. साम्राज्याची उतरंड म्हणा, आपली स्वतःची जातीची उतरंड म्हणा. एका शब्दात दोन्ही मावतात. पण हेही खरं की कुक यांनी तो शब्द गाळला नाही. ज्या नोंदीपुढे भिवा आहे, ती नोंद त्याच्या पायांवर आणि डोळ्यांवर उभी आहे, हे छापील पुराव्यासकट शाबूत आहे. पुण्यातल्या वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात अशी जुनी लेबलं बघताना मी शास्त्रीय नावाआधी खालचा कोपरा बघायला शिकलोय.

आता कुक यांची कमजोरी. नमुने कुठले आहेत ते बघत गेलं की खंडाळा, लोणावळा, इगतपुरी, कॅसल रॉक ही नावं सारखी भेटतात. घाट, आणि तेही रेल्वेनं गाठता येणारा घाट. सोलापूरच्या बाजूला येईपर्यंत पुस्तकाची चाल ढिली पडते आणि 'दख्खनमध्ये सामान्य' असे शब्द जास्त दिसायला लागतात. आमच्या माळरानावर हिरवळ चार महिने, बाकी वर्षभर वाळकं गवत. साहेबालाच काय, पुण्याच्या माणसालाही तिथे फुलं शोधायला यावंसं वाटलं नाही. त्याचा परिणाम शंभर वर्षांनी माझ्या कामावर होतो.

दुसरी अडचण नावांची, आणि ती आपल्या बोराचीच आहे. कुक यांच्याकडे बोर 'झिझिफस जुजुबा' या नावानं आहे. आज त्या नावाचा अर्थ चिनी बोर, वेगळीच जात. झालं असं की लिनियस यांनी १७५३ मध्ये आपल्या बोराला 'जुजुबा' हा शब्द दिला, पण दुसऱ्या प्रजातीत. १७६८ मध्ये मिलर यांनी 'झिझिफस जुजुबा' हे नाव चिनी बोराला लावून टाकलं. नियम असा की आधी लावलं त्याचं नाव पक्कं. मग आपल्या बोराला तो शब्द मिळेना, आणि लामार्क यांचं 'मॉरिशियाना' वापरात आलं. त्यामुळे जुनं पुस्तक वाचून कुणी सरळ यादी उतरवली तर सोलापूर जिल्ह्यात चिनी बोर उगवते असं कागदोपत्री सिद्ध होईल. माझा इशारा एवढाच: जुन्या पुस्तकातलं नाव उचलू नका, नावाखालचं झाड उचला.

मग यानं फरक काय पडतो?

इथे कुणी विचारेल की नावं, लेबलं, उद्गारचिन्हं हे सगळं ठीक, पण यातून मिळतं काय?

सोलापूरचं उदाहरण घ्या. आपली माळरानं सरकारी नकाशांत बहुतेक वेळा 'पडीक' म्हणून येतात. पडीक म्हटलं की पुढचं पाऊल ठरलेलं: झाडं लावा. मग निलगिरी येते, गिरीपुष्प येतं, सुबाभूळ येते. हेतू चांगला असतो, फोटोही छान येतात. पण माळरान हे तुटलेलं जंगल नाही. ती स्वतंत्र परिसंस्था आहे. कुसळी, मारवेल, पवन्या यांच्यावर मेंढपाळ जगतात, लांडगा आणि खोकड जगतात. माळढोक याच गवतावर होता म्हणून १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला उघडा माळ लागतो. तिथे झाडांची रांग लावणं म्हणजे त्याचं घर मोडणं.

हे ठामपणे मांडायचं तर पुरावा हवा. शंभर वर्षांपूर्वी इथे गवतच होतं, जंगल नव्हतं, हे कशावरून? आजोबांच्या आठवणी आहेत, पण सरकारी बैठकीत त्या चालत नाहीत. चालतो तो कागद: अमुक सालचा, अमुक ठिकाणचा, अमुक माणसानं गोळा केलेला गवताचा नमुना. पुण्याच्या शेतकी खात्यातले आर. के. भिडे गवतांवर काम करत होते. त्यांच्या नावानं 'भिडिया' ही गवताची प्रजातीच आहे. १९३५ मध्ये ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं पुस्तक आलं. अशा नोंदींत जिथे गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव आहे, तिथे माळरानाच्या बाजूनं साक्षीदार उभा राहतो. जिथे नुसतं 'दख्खन' आहे, तिथे साक्ष कुठल्याच बाजूनं वापरता येत नाही. म्हणून लेबलवरचा माणूस माझ्यासाठी भावनेचा विषय नाही. त्याच्यावर माझ्या थीसिसचं एक प्रकरण टिकून आहे.

नावं बदलून टाकावीत का?

हा वाद सध्या जगभर चालू आहे. २०२४ च्या जुलैत माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये दक्षिण आफ्रिकेतला एक वांशिक शिवीचा शब्द असलेली दोनशेहून जास्त नावं बदलायचा निर्णय झाला. मूळ शब्दातलं एक अक्षर काढून 'आफ्रा', म्हणजे आफ्रिकेची. मला हा निर्णय योग्य वाटतो. शिवी ती शिवीच, लॅटिनमध्ये असली म्हणून ती शास्त्र होत नाही.

पण सगळी वसाहतकालीन नावं पुसा, या मागणीबरोबर मी जात नाही. एक कारण व्यवहाराचं. नाव बदललं की शंभर वर्षांच्या नोंदी एकमेकांपासून तुटतात; बोराचं वर पाहिलंच. दुसरं कारण असं की नावं कुणाची राहतील, हे अशा वेळी ताकदीवरही ठरतं. आपल्या बाभळीचं घ्या. ती पिढ्यान्‌पिढ्या 'अकेशिया' होती. प्रजाती फोडायची वेळ आली तेव्हा ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या जवळपास हजार जाती असल्यानं 'अकेशिया' हे नाव त्यांच्याकडेच राहावं असा प्रस्ताव आला. २००५ मध्ये व्हिएन्नाला मतदान झालं. निम्म्याहून जास्त मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, पण तो फेटाळायला साठ टक्के लागत होती. प्रस्ताव टिकला. २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्का बसला, आणि बाभूळ झाली 'व्हॅचेलिया निलोटिका'. त्या हजार जाती ऑस्ट्रेलियातल्या, हिशेब म्हणून बरोबरही असेल. पण आफ्रिका आणि भारतातल्या कोट्यवधी लोकांच्या ओळखीच्या झाडाला नाव सोडावं लागलं. त्या निर्णयात बाभळीखाली शेळ्या चारणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायची तशी सोयही नियमांत नाही.

म्हणून मला वाटतं, नावाच्या दुसऱ्या टोकाला काम करावं. नाव फ्रिअर साहेबांचं राहिलं तर राहू द्या. पण नमुना कुणी आणला, स्थानिक नाव काय, ते कुणी सांगितलं, कुठल्या माळावर, हे आपण लिहायला लागू. याला कुठल्या काँग्रेसची परवानगी लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात याची चांगली सुरुवात आहे. २०१४ मध्ये गायकवाड, गरड आणि गोरे यांनी क्रायनम सोलापुरेन्स ही नवी जात 'क्यू बुलेटिन'मध्ये प्रसिद्ध केली. ज्या क्यूमध्ये बसून कुक आपली झाडं लिहीत होते, तिथल्याच नियतकालिकात सोलापूरचं नाव, सोलापुरात काम करणाऱ्या माणसांनी दिलेलं. झाड जिथलं, नाव तिथलं, नाव देणारा तिथेच चालत गेलेला. अशा नावांची मोठी यादी व्हायला हवी.

मात्र एक गोष्ट आपण आजही नीट करत नाही. फील्डवर मेंढपाळ मामा आपल्याला सांगतात, "ते गवात पल्याडच्या वढ्याला हाय, पाऊस पडला की ईल." आपण दोन महिन्यांनी तिथे जातो, गवत मिळतं, लेबलवर आपलं नाव लिहितो. पेपरच्या शेवटी 'स्थानिक लोकांचे आभार' एवढी ओळ. भिवाला निदान एक शब्द मिळाला होता, या मामांना तेवढाही नाही. मग कुक यांच्यावर कुठल्या तोंडानं टीका करायची?

त्यामुळे आमच्या कामात लेबलवर एक ओळ वाढवावी असा माझा आग्रह आहे. 'माहिती देणारा' अशी. त्यांची हरकत नसेल तर पूर्ण नाव आणि गाव, नसेल तर निदान स्थानिक नाव आणि त्याचा अर्थ त्यांच्याच शब्दांत. कॉलेजच्या छोट्या संग्रहात नमुने करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे सहज जमेल. पुठ्ठा तोच, गोंद तोच, एक ओळ जास्त.

पुढच्या लेखात कुसळी आणि पवन्या हातात घेऊन ओळखायच्या कशा, ते लिहीन. तोवर पाऊस झाला असेल तर एखाद्या माळावर चक्कर मारून या, आणि जाताना ती वाट माहीत असलेल्या कुणालातरी बरोबर घ्या.